मंडणगडला रुजू होताना : इंग्रजीच्या नवशिक्या मास्तरांसाठी

जपान सरकार १९८७ पासून परदेशातली तरुण मुलं इंग्रजी शिकवायला बोलावून घेतं. त्यांना विमानाचं तिकीट मिळतं, पोहोचल्यावर प्रशिक्षण मिळतं आणि तिथं कसं राहायचं हे सांगणारी जाडजूड पुस्तिकाही मिळते. सांगोल्याचा, गेवराईचा किंवा अहमदपूरचा मुलगा अभियोग्यता चाचणी देतो, पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरतो आणि त्याला मंडणगड लागतं, तेव्हा त्याच्या हातात पडतो एक आदेश. 'सात दिवसांच्या आत रुजू व्हावे.' बस्स. भात तीन वेळा कसा खायचा, बूट कुठं वाळवायचे, फणस कशानं फोडायचा, यातलं काही त्यात नसतं.

ही उणीव भरून काढावी म्हणून ही मार्गदर्शिका. लेखक सांगोल्याकडचा. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि पुढच्याच जूनमध्ये तो खाडीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत हजर झाला. तीन वर्षं काढायची आणि बदली करून घ्यायची, असा त्याचा बेत होता.

पायरी १ : आधी नकाशा बघा

आदेशात 'रत्नागिरी जिल्हा' वाचलं की घाटावरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं समुद्र आणि हापूसची पेटी येते. जिल्ह्यात दोन्ही आहेत. तुम्ही मात्र जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहात. सावित्री ओलांडली की रायगड, खाली दापोली. रत्नागिरी शहर दीडशेहून अधिक किलोमीटरवर. १८१८ नंतर इंग्रजांनी दक्षिण कोकणचा कारभार काही काळ आपल्याच तालुक्यातल्या बाणकोटातून चालवला होता. १८२२ मध्ये मुख्य ठाणं रत्नागिरीला हललं आणि तेव्हापासून मंडणगडचा माणूस कागद घेऊन रत्नागिरीला जातोच आहे. या रांगेत आता तुमचीही भर.

तालुक्यात रेल्वे नाही. तुमचं भाग्य ज्या वाहनावर अवलंबून आहे त्याचं नाव वस्तीची गाडी. ती संध्याकाळी मंडणगडच्या स्टँडवरून सुटते, शेवटच्या गावात मुक्काम करते आणि पहाटे परत फिरते. चालक-वाहक देवळात नाहीतर कुणाच्या तरी पडवीत पाठ टेकतात. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या आधी कंडक्टरशी ओळख करून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या, पेपर, खडूचा खोका, लग्नपत्रिका आणि 'मास्तर आज येणार नाहीत' हा निरोप, सगळं याच गाडीनं येतं-जातं.

*नेहमीची चूक :* गावाकडे जायचं म्हणून जुलैत रजा टाकणं. वरंध, आंबेनळी हे घाट पावसाळ्यात दरड आली की बंद. तुम्ही महाडला पोहोचता, चहा पिता आणि परत येता.

पायरी २ : खोली आणि आगोटीची बेगमी

पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षणसेवक. मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार. सुदैवानं गावात खर्च करायला फारशा जागा नाहीत. खोली मिळेल ती जांभ्या दगडाची, कौलारू, पुढं पडवी असलेली. भाडं ठरवताना घासाघीस करू नका. पुढच्या आजारपणात पेज करून आणणारी हीच घरमालकीण आजी असते.

आता पाऊस. तुमच्या सोलापुरात वर्षाकाठी पाच-साडेपाचशे मिलिमीटर पडतो. इथं तीन हजारांच्या वर, आणि तोही चार महिन्यांत. तो पडायच्या आधीच्या दिवसांना आगोट म्हणतात. या दिवसांत शहाणी माणसं बेगमी करतात. लाकडं पडवीत रचली जातात, सुकट-बोंबील-जवळा डब्यात जातो, आमसुलं वाळतात, कौलं परतली जातात. नवा मास्तर या दिवसांत गावाकडे सुट्टीवर असतो. जूनमध्ये तो परत येतो तेव्हा सगळं गाव तयार असतं आणि त्याच्याकडं एक घडीची छत्री असते.

*साहित्य :* लांब दांड्याची काळी छत्री १, रबरी चपला २ जोड, बॅटरी १, सुतळी भरपूर.

सुतळी कपडे वाळत घालायला. ते वाळणार नाहीत, पण प्रयत्न केल्याचं समाधान मिळतं. कातडी बूट आणू नका. पंधरा दिवसांत त्यांच्यावर हिरवी मखमल चढते. आईनं दिलेलं ज्वारीचं पीठ गोपाळकाल्यापर्यंत पुरेल असा तुमचा हिशेब असतो. आषाढातच त्याला कुबट वास येतो, आणि त्याच दिवशी तुम्ही तांदळाची भाकरी थापायला शिकता. बॅटरी फुरशासाठी. हा साप लहान, मातकट आणि फार विषारी. अंधारात उजेड पाडल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. या मार्गदर्शिकेत गंमत नसलेलं हे एकच वाक्य आहे, तेवढं पाठ करा.

पायरी ३ : पहिला तास

अध्यापक विद्यालयात तुम्हाला सांगितलं होतं की ग्रामीण मुलाला इंग्रजी परकी वाटते. वर्गात शिरताना हे बाहेर काढून ठेवा. खाडीकाठच्या गावांतून तीन-चार पिढ्या बोटीवर आणि आखातात गेलेल्या आहेत. दुसरीतल्या पोराला 'नेबर' माहीत नसतो. पण व्हिसा, ड्यूटी, ओव्हरटाइम, कंपनी-रूम हे शब्द तो स्वच्छ उच्चारतो. दर शुक्रवारी कुवेतहून फोन येतो ना. तुम्ही सोलापूरहून आलात म्हटल्यावर तो पोर तुम्हाला विचारतो, "सर, तिकडं सुट्टी किती वर्षांनी मिळते?" तुम्ही परमुलखात आहात हे त्यानं ओळखलेलं असतं.

जुलैत तोंडी परीक्षा ठेवू नये. छप्पर पत्र्याचं असेल तर पावसाच्या आवाजात मुलांचे फक्त ओठ हलताना दिसतात आणि सगळेच पास होतात. हजेरीचं दडपण घेऊ नका. लावणीच्या दिवसांत सातवीचा वर्ग शेतात असतो. तुम्हीही जा. चिखलात उभं राहून तरवा, चिखलणी, मूठ हे शब्द कळतात, आणि तासाभरानं कंबर म्हणजे काय तेही कळतं.

मे महिन्याआधी करवंदं येतात. मुलं करवंद दातानं तोडतात. आत लाल निघालं तर कोंबडा, नाहीतर कोंबडी. मी एकदा हाच खेळ इंग्रजीतून घेतला. 'कॉक ऑर हेन?' असा प्रश्न आणि पूर्ण वाक्यात उत्तर. वर्षभर न बोललेला शेवटच्या बाकावरचा मुलगा त्या दिवशी सतरा वाक्यं बोलला. तोंड जांभळं होतं, व्याकरण शुद्ध होतं.

आणि एक तास असा येईल की तुमचीच परीक्षा होईल. माझा आला २००३ च्या श्रावणात. 'रेन' हा शब्द घेत होतो. सातवीतली एक मुलगी खिडकीशी बसायची. बाहेर कौलांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. तिनं त्याकडं बोट दाखवून विचारलं, "सर, पागोळीला इंग्रजीत काय म्हणतात?" मी थोडा वेळ काढला, फळा पुसला आणि म्हणालो, "वॉटर ड्रॉपिंग फ्रॉम द रूफ."

तिनं बोटांवर शब्द मोजले. "एवढं लांब?" आणि इंग्रजांबद्दल मनापासून वाईट वाटल्यासारखा चेहरा केला.

पायरी ४ : जेवण

पहिला महिना तुम्ही सगळ्यात ओलं खोबरं आहे म्हणून कुरकुर कराल. दुसऱ्या महिन्यात तुम्हाला नारळ खोवता येईल. तिसऱ्या महिन्यात गावाकडच्या शेंगदाण्याच्या आमटीत काहीतरी कमी वाटेल. ते कुणाला सांगू नका, आईला तर नाहीच.

जेवणाचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकापेक्षा नेमकं आहे. पहिल्या पावसानंतर टाकळा आणि भारंगी. त्याच सुमारास शेवळं. ही भाजी खाजरी असते, म्हणून तिच्यात काकडं घालतात. ती न घालता केलेली शेवळाची भाजी एका नव्या मास्तरांनी स्वतः रांधून खाल्ली होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे तास फळ्यावर लिहून घेतले. उन्हाळ्यात ओल्या काजूगरांची उसळ, मग फणस. फणस दोन जातींचा, कापा आणि बरका. कापा सुटसुटीत गऱ्यांचा, बरका मऊ आणि घशात सरकणारा. दोन्ही फोडण्याआधी हाताला आणि विळीला खोबरेल लावायचं, नाहीतर चीक रविवारपर्यंत निघत नाही.

ओहोटीला खाडीत बायका तिसऱ्या आणि कालवं काढायला जातात. कालवं दगडाला चिकटलेली असतात, कोयत्यानं फोडून काढायला सबंध सकाळ जाते आणि निघतात वाटीभर. त्यातली अर्धी वाटी तुमच्या दारात येईल. 'नको' म्हणू नका. वाटी रिकामी परत देऊ नका. साखर, गूळ, गावाकडची शेंगदाणा चटणी, काहीही चालतं.

पायरी ५ : रेंज आणि कागद

मुलांचं आधार, पोषण आहाराचा तांदूळ, शौचालयांची संख्या, झाडं लावतानाचे फोटो, सगळी माहिती ऑनलाइन आणि सगळी 'आजच संध्याकाळपर्यंत' द्यायची असते. गावात रेंज नसते. सड्यावर असते. सडा म्हणजे वरचं जांभ्याचं उघडं पठार. तिथं एक ठरावीक दगड आहे. त्याच्यावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की दोन काड्या येतात. तालुक्यातल्या अनेक शाळांना असा आपापला दगड आहे. नव्या मास्तराला पदभार देताना शिक्का, किल्ल्या आणि हा दगड दाखवायची पद्धत आहे.

दगडावरून दुहेरी फायदा होतो. माहिती चढते आणि तिची वाट बघत बसल्यावर भाद्रपदात सडा रानफुलांनी कसा रंगतो ते दिसतं.

पायरी ६ : रविवारी कुठं जावं

*मंडणगडचा किल्ला.* गावाच्या डोक्यावरच आहे. वर गणपतीचं देऊळ आणि तळं. पहिल्या वर्षी एकट्यानं जाल, दुसऱ्या वर्षापासून पाहुण्यांना घेऊन.

*बाणकोट.* सावित्रीच्या मुखावरचा किल्ला. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी तो घेतला आणि त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. वर्गात 'राणीच्या नावावरून' असं ठोकून देऊ नका, राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा आहे. ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. गाव बाणकोट म्हणत होतं आणि बाणकोटच म्हणतं. सक्तीच्या इंग्रजीचं काय होतं, याचा हा दगडी पुरावा.

*वेश्वी.* इथून फेरीबोट मोटारी, टेम्पो आणि माणसं घेऊन पलीकडे बागमांडल्याला जाते. तिथून हरिहरेश्वर जवळ. सांगोल्याच्या माणसानं पहिल्यांदा दुचाकीसकट नदी ओलांडल्यावर घरी फोन करावा. मी केला होता. वडील म्हणाले, "पेट्रोल कुणी भरलं?"

*वेळास.* नाना फडणवीसांच्या घराण्याचं मूळ गाव आणि आता कासवांचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ च्या सुमारास इथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायचं काम सुरू केलं. गावानं ते उचलून धरलं आणि कासव महोत्सव सुरू झाला. उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात. सकाळ-संध्याकाळ त्यांना वाळूत सोडतात आणि ती तुरुतुरु पाण्याकडे जातात. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. मी सातवीला तिथं नेलं, म्हटलं परदेशी पाहुणे भेटले तर बोला. अर्धी चड्डी, टोपी आणि भला मोठा कॅमेरा असलेला एक गोरापान गृहस्थ मुलांनी घेरला. "व्हॉट इज युवर नेम? व्हेअर आर यू फ्रॉम?" तो म्हणाला, "दादर. आणि तुम्ही कुठले रे?" मुलं नाराज झाली. वाक्यं मात्र बरोबर होती, म्हणून मी नोंदवहीत 'उद्दिष्ट साध्य' असं लिहिलं.

*आंबडवे.* इथं मात्र हातात काही न घेता जा. बाबासाहेबांच्या घराण्याचं हे मूळ गाव. या गावाच्या नावावरून त्यांचं आडनाव आलं. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ७ नोव्हेंबर १९०० ला लहानग्या भीमरावाचं नाव साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झालं. हा दिवस आता आपण शाळेत विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. तेरा वर्षांनी तो मुलगा कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. सातारा-सोलापूरकडचे आपण इंग्रजी शिकवायला कोकणात येतो, आणि या मातीतल्या घरानं मुलाला इंग्रजीसाठी साताऱ्यात घातलं होतं. 'या मुलांना इंग्रजी झेपणार नाही' असं शिक्षक खोलीत कुणी म्हणालं, तर वाद घालू नका. पुढच्या रविवारी त्याला आंबडव्याला घेऊन जा.

पायरी ७ : गणपती आणि शिमगा

गणपतीला चाकरमानी येतात. गावाची लोकसंख्या एका रात्रीत वाढते आणि शाळेच्या मैदानात मोटारी लागतात. विरारच्या, दिव्याच्या इंग्रजी शाळेतली नातवंडं आजीला इंग्रजीतून पाणी मागतात, आजी मराठीतून देते, दोघांचं काही अडत नाही. त्या दिवसांत कुणीतरी तुम्हाला नक्की विचारेल, "गुरुजी, गावची शाळा आता टिकेल का हो? पट किती?" पट सांगा. त्यांचं स्वतःचं पोर कुठल्या शाळेत आहे हे विचारू नका. सणाचा दिवस असतो.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. पहिल्या वर्षी तुम्ही बघायला उभे असता. कधीतरी एका वर्षी पालखी तुमच्या खोलीच्या दारात थांबते आणि आजी आतून ओरडते, "मास्तर, नारळ घेऊन बाहेर या!" त्या दिवसापासून तुमचा पत्ता बदलला असं समजा. पगाराच्या शालार्थ प्रणालीत त्याची नोंद होत नाही.

पायरी ८ : बदली

आंतरजिल्हा बदलीचा अर्ज दरवेळी भरावा. त्यामुळे घरचे खूश राहतात. मीही भरला. एकदा आईचं दुखणं होतं म्हणून भरला, एकदा यादीत नाव येऊनही शाळेत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कार्यमुक्ती लांबली. मग एका वर्षी मी अर्ज भरायला सड्यावरच्या दगडावर गेलो, खाली खाडी भरतीची होती, आणि रेंज असूनही फोन खिशात ठेवला. कारण विचारू नका, रकान्यात बसत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडला त्यानं झोडपलं. आमच्या शाळेचे पत्रे उडाले, बागा आडव्या झाल्या. कपाटातली पुस्तकं भिजली होती. ऊन पडल्यावर आम्ही ती पडवीत मांडली आणि मी जाडा इंग्रजी शब्दकोश एकेक पान उलटून वाळवत बसलो. 'ई'च्या पानांपाशी हात थांबला. ईव्ह्ज म्हणजे वळचण. आणि त्याखाली ईव्ह्जड्रॉप. आज त्याचा अर्थ चोरून ऐकणं. मूळ अर्थ मात्र वळचणीवरून गळणारं पाणी आणि ते पडतं ती जागा. त्या जागी उभं राहून घरातलं बोलणं ऐकणारा तो ईव्ह्जड्रॉपर.

सतरा वर्षांपूर्वीची माझी विद्यार्थिनी तेव्हा गावातच होती, पोर अंगणवाडीत. तिच्या घराची कौलं उडाली होती, वर ताडपत्री बांधली होती. मी तिला सांगितलं, पागोळीला शब्द सापडला. तिनं तो दोनदा म्हणून पाहिला, अर्थ विचारला आणि म्हणाली, "म्हणजे होता की सर त्यांच्याकडं. पाणी गेलं आणि चोरून ऐकणं तेवढं ठेवलं होय!" मग ताडपत्रीकडं बघून म्हणाली, "आमचं उलटं करायचंय. आधी कौलं आणा."

ऑगस्टपर्यंत कौलं आली.

नव्या मास्तरांनो, एवढीच शिकवणी आहे. पहिला पावसाळा वळचणीला उभे राहा आणि माणसं काय बोलतात ते ऐका. चोरून नको, उघड. खडू नंतर हातात घ्या. मला हे कळायला एकोणीस वर्षं लागली, तुम्हाला सात दिवस दिलेत. वस्तीची गाडी मंडणगडच्या स्टँडवरून रोज संध्याकाळी सुटते. छत्री लांब दांड्याची घ्या.